४एन शिखर वाढलं म्हणजे पेशी जी२मध्ये अडकल्या? पेशीचक्र तपासताना या चुका टाळा

कॅन्सरच्या पेशींना औषध दिलं, फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) ४एन शिखर, म्हणजे नेहमीच्या २एनपेक्षा दुप्पट डीएनए असलेल्या पेशींचं शिखर, उंचावलं, की ‘जी२/एम अरेस्ट’ (पेशी विभाजनाच्या तयारीत, जी२मध्ये, किंवा विभाजनात, मायटोसिसमध्ये, अडकल्या) लिहून मोकळं व्हायची घाई होते. प्रोपिडियम आयोडाइड (पीआय) हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग फक्त डीएनए किती आहे ते सांगतो. टप्पा आपण ताडतो, आणि घोळ तिथेच होतो.

आधी संशय चिकटलेल्या पेशींवर घ्या. जी१मधल्या (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यातल्या) दोन पेशी जोडीनं गेल्या की यंत्र ४एनच दाखवणार. सिग्नलचं क्षेत्रफळ विरुद्ध रुंदी असा आलेख काढून जोड्या वगळा. गुठळ्या बहुधा फिक्स करतानाच (इथेनॉलनं पेशी स्थिर करताना) होतात. पेशींच्या गोळ्यावर इथेनॉल ओतू नका. अर्ध्या मिली बफरमध्ये सुट्या केलेल्या पेशी ४.५ मिली थंडगार ७० टक्के इथेनॉलमध्ये, व्होर्टेक्स (नळी घुसळणारं यंत्र) चालू ठेवून, थेंबथेंब सोडा आणि ४ अंशांवर किमान दोन तास ठेवा.

रंगवताना १० लाख पेशींना १ मिली द्रावण पुरतं: पीआय ५० मायक्रोग्रॅम, आरएनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंशांवर ३० मिनिटं. आरएनेज घालायचं राहिलं तर पीआय दुपदरी आरएनएलाही चिकटतं आणि शिखरं पसरतात. स्केल लिनियर, प्रवाह मंद. जी१ शिखराचा सीव्ही (शिखर किती पसरलंय याचं माप) ८ टक्क्यांपलीकडे गेला, तर एस टप्प्याचे (डीएनए दुप्पट होतानाचा टप्पा) आकडे देऊच नयेत.

एवढं करूनही ४एन शिखर टिकलं, तर खरा प्रश्न सुरू होतो. नोकोडाझोल या औषधानं मायटोसिसमध्ये रोखलेल्या पेशी बराच वेळ अडकून राहिल्या, की काही न विभागताच निसटतात आणि ४एन डीएनएसह जी१मध्ये येतात. पी५३ (बिघडलेल्या पेशींचं विभाजन रोखणारं प्रथिन) शाबूत असेल तर त्या बहुधा तिथेच थांबतात. नसेल तर पुन्हा डीएनए दुप्पट करतात आणि ८एनवर शिखर उगवतं. जीनोमची अस्थिरता इथून वाढते: जास्तीचे सेंट्रोसोम (गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंची केंद्रं), वाकडीतिकडी जोडलेली आणि चुकीच्या बाजूला ओढली जाणारी गुणसूत्रं. म्हणून आलेखाची अक्ष ४एनवर कापू नका. सोबत दोन अँटिबॉडी लावा. हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) सेरिन १० या जागेवर फॉस्फेट दिसलं तर मायटोसिस. ते नाही पण सायक्लिन बी१ (मायटोसिसआधी साठणारं प्रथिन) भरपूर, तर जी२. दोन्ही नाहीत, तर टेट्राप्लॉइड (४एन डीएनए असलेल्या) जी१चा संशय घ्या.

हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या) वापरत असाल तर किरणांनंतर जी१मध्ये अडकण्याची वाट पाहू नका. एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई६ प्रथिन त्यांचं पी५३ नष्ट करत असतं. शिवाय त्यांचं जी१ शिखर मुळातच २एनच्या उजवीकडे असतं, त्यामुळे त्याच बॅचमध्ये, त्याच व्होल्टेजवर सामान्य लिम्फोसाइट चालवल्याशिवाय डीएनए इंडेक्स (सामान्य पेशीच्या तुलनेत डीएनए किती पट) काढू नका.