कोकणातलं जुनं घर घेताना आधी नावं मोजा

वाडीसकट जुनं कौलारू घर विकाऊ आहे म्हटलं की आपण माजघर, पडवी पाहूनच हरखतो. बयाणा देण्याआधी सातबारा आणि जुने फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) काढा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर एकाचंच नाव असतं, पण ते मालकीचा पुरावा नव्हे. खालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मुंबई-पुण्यातल्या चुलत भावंडांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची मिळून वीसेक नावं निघतात. सगळ्यांच्या सह्या हव्यातच. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ (जमीन कसणारा दुसरा कोणी) किंवा बोजा (कर्ज वगैरे) आहे का तेही वाचा. आणि महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, तेव्हा तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा आधी काढून ठेवा.

घर बघायला मात्र जुलैतच जा. वासे भिंतीवर टेकतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. तो भुसभुशीत आत गेला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी असण्याची शक्यता आहे. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका, कळकळीने सांगतो. आत ओल कोंडते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.