पिल्लू तोंड लावत नसेल तर आधी डबा बघा

“ताई, पिल्लू खाईना. मरंल का?” जुलै-ऑगस्टमध्ये, अंडी फुटायच्या दिवसांत मला येणारे बहुतेक फोन असेच सुरू होतात. परभणीत मी कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) आणि बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) पाळते. माझ्याकडं अंडी उबतात, पिल्लं निघतात आणि दर खेपेला त्यात एखाददुसरं हट्टी निघतंच. फोनवरचा माणूस लगेच विचारतो, कोणता वास लावू, तोंड उघडून भरवू का. मी उलट विचारते: डबा कुठं ठेवलाय? रात्री आत किती अंश असतात? तुम्ही दिवसातून किती वेळा झाकण उघडता? कारण पिल्लाला खरोखर भूकच नाही, असं फार कमी वेळा असतं. त्याला गारठा लागलेला असतो, हवा कोरडी असते, नाहीतर ते घाबरलेलं असतं. तापानं फणफणलेल्या लेकरापुढं भाकरी सरकवून काय उपयोग?

पुढं जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे सगळं परदेशी जातीच्या, इथंच पैदास झालेल्या सापांसाठी आहे. नाग, धामण, दिवड, मांडूळ, अजगर, आपल्या मातीतला कुठलाही साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पावसाळ्यात विहिरीच्या कडेला किंवा गंजीखाली सापडलेलं ‘अजगराचं पिल्लू’ बरेचदा घोणशीचं असतं, आणि घोणशीचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. त्याला हात लावू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. बॉल पायथन साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. पिल्लं झाली की त्यांचीही. कागद नसलेलं जनावर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

आता पिल्लाकडं वळू. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर त्याचे पहिले दिवस आरामात जातात. साधारण आठवडा-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकतं. त्याआधी खायला देऊच नका. बरेच जण तिसऱ्या दिवशीच पिंकी, म्हणजे उंदराचं बिनकेसाचं तान्हं पिल्लू, चिमट्यात धरून नाचवायला लागतात, पिल्लू बिचकतं आणि चिमटा दिसला की डोकं लपवायला शिकतं. पहिली कात पडली की ती सबंध उतरली का बघा, पिल्लाचं वजन करा, वहीत लिहा. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. कॉर्नचं पिल्लू ६-७ ग्रॅमचंच असतं, स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावर त्याचा चढउतार कळत नाही. बॉल पायथनचं पिल्लू ५० ते ७० ग्रॅमच्या आसपास भरतं.

डबा लहान घ्या. मोठ्या काचपेटीत पिल्लाला चहूकडून उघड्यावर पडल्यासारखं होतं आणि ते खात नाही. कॉर्नला चपलांच्या खोक्याएवढा, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा पुरतो. हवेसाठी भोकं पाडा, पण पेन्सिल जाईल एवढी नकोत, पिल्लू निसटतं. खाली टिश्यू पेपर किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाण्याची जड वाटी आणि लपायच्या दोन जागा, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. मी संक्रांतीची सुगडं वापरते. काठाचा छोटा टवका काढून, कड घासून पालथं घातलं की पिल्लू आत वेटोळं करून बसतं आणि त्याच्या अंगाला सगळीकडून मातीचा स्पर्श राहतो. सापाला हीच जागा सुरक्षित वाटते. विकतच्या प्लास्टिकच्या गुहेपेक्षा मला सुगडच पसंत आहे. आत ओलसर कोकोपीट भरलं तर कात टाकायच्या वेळी ओलावाही मिळतो.

उबेचं गणित आपल्याकडं ऋतूप्रमाणं उलटंपालटं होतं, आणि बाहेरच्या लोकांचे सल्ले इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळंच. डब्याची उबेची बाजू बॉल पायथनला ३१ ते ३३ अंश आणि गार बाजू २६-२७ लागते. कॉर्नला उबेकडं २९ ते ३१, गार बाजूला २४-२५. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा १० च्या खाली जातो. तेव्हा हीट मॅट लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय कधीच नको. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार डब्याच्या तळाशी चिकटवा, हवेत लोंबकळत सोडू नका. रात्री लाइट जाते हे धरूनच चला. मॅट इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. अंग गार पडलं की सापाचं पचन थांबतं. त्यानं गारठ्यात खाल्लंच, तर पोटातलं सडतं आणि उलटी होते.

मे महिन्यात उलट. बाहेर ४३ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. तेव्हा मॅट बंद करा आणि डबे खालच्या मजल्यावर, मधल्या खोलीत, फरशीला टेकवून ठेवा. डब्यात सगळीकडंच ३४-३५ झाले तर पिल्लू पाण्याच्या वाटीत जाऊन बसतं, खाणं दूरच. त्यात दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली उतरतो. बॉल पायथनला निदान ६० टक्के हवा, कॉर्नला ५० च्या आसपास. अंग सुकलेलं पिल्लू खात नाही, आणि त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, तीच खूण. खिडकीला ओलं गोणपाट लावा, झाकणाची थोडी भोकं बंद करा, कोकोपीट शिंपडा. कूलर खोलीत चालू द्या, पण त्याचा झोत डब्यावर नको. पावसाळा लागला की हेच सगळं उलट फिरवा, नाहीतर पोटाखाली ओल राहून खवल्यांवर फोड येतात.

डबा जमला की पाच-सहा दिवस काही करू नका. हातात घेणं नाही, पाहुण्यांना दाखवणं नाही, फक्त पाणी बदला. कितीतरी पिल्लं एवढ्यावरच पुढच्या खेपेला खातात.

खाऊ म्हणजे पैदास केलेले पांढरे उंदीरच. शेतातले, धान्याच्या कोठीतले उंदीर कधीही देऊ नका. आपल्याकडं शेतात झिंक फॉस्फाइडची आमिषं सर्रास असतात, घरात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. दुसऱ्या प्रकारचं विष उंदराच्या अंगात राहतं आणि खाणाऱ्याला लागतं. शिवाय जंत. बर्फात ठेवलेला खाऊ सगळ्यात बरा. त्यासाठी छोटा फ्रीझर वेगळा ठेवा. माझ्या सासूबाई माळकरी आहेत. मी तो वर गच्चीच्या खोलीत ठेवलाय, भांडी वेगळी, चिमटा वेगळा, आणि घरात कुणाची कुरकुर नाही. उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा किंचित जाड असावा. कॉर्नच्या पिल्लाला नुकती जन्मलेली पिंकी, बॉल पायथनला डोळे उघडलेलं उंदराचं पिल्लू. तुमच्याकडं नागपंचमीला कुणी म्हणालंच, दूध पाजा, तर नम्रपणे नाही म्हणा. सापाला दूध पचत नाही.

मायक्रोवेव्ह वापरू नका, बाहेरून शिजतं आणि आत बर्फ राहतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढा, मग पिशवीत बांधून हाताला सोसेल अशा गरम पाण्यात ठेवा. पोट दाबून बघा, आत गार गोळा लागता कामा नये. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

इथून पुढं दोन जातींचे रस्ते वेगळे होतात. बॉल पायथनच्या ओठांवर खळगे असतात, त्यांनी त्याला ऊब कळते. म्हणून उंदराचं डोकं बाकी अंगापेक्षा गरम हवं. देण्याआधी अर्धा मिनिट डोकंच गरम पाण्यात धरा, कोरडं पुसा, मग लांब चिमट्यानं शेपटीच्या बाजूनं धरून सुगडाच्या तोंडाशी हळू हलवा. चेहऱ्यावर आदळू नका. रात्री नऊनंतर, दिवा मालवून, दाराची ये-जा थांबल्यावर. पिल्लानं मान इंग्रजी एससारखी आखडली की हात स्थिर ठेवा. पकडून वेटोळं घातलं की चिमटा सोडा आणि श्वाससुद्धा जपून घ्या, घाबरलं तर टाकून देतं.

कॉर्नला असे खळगे नसतात. त्याचं सगळं जिभेच्या वासावर. अमेरिकेतल्या रानात त्याची पिल्लं बरेचदा पाली-सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात, उंदीर नंतर. म्हणून पिंकी त्याला ओळखीचीच वाटत नाही. नाचवण्यापेक्षा ठेवून देणं कॉर्नला मानवतं. आइस्क्रीमच्या लहान डब्याला भोकं पाडा, आत टिश्यूचा चुरगळा, पिंकी आणि पिल्लू. झाकण लावून तो डबाच मोठ्या डब्याच्या उबेच्या बाजूला रात्रभर ठेवा. सकाळी बघा. नाही खाल्लं तर पिंकी फेका, पिल्लू परत सोडा, आणि चार-पाच दिवस विसरून जा. रोज देणं हा सगळ्यात मोठा छळ आहे.

एवढ्यानं नाही झालं तर वासाकडं या. एका खेपेला एकच बदल करा, नाहीतर कशानं जमलं ते कळत नाही. पहिल्यांदा पिंकी बिनवासाच्या साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं खळाळा, गरम करा. उंदराचा स्वतःचा वास गेला की काही पिल्लं लगेच धरतात. पुढच्या खेपेला पिंकीच्या डोक्यावर ब्लेडनं बारीक चीर द्या, मेंदूचा थेंब बाहेर येऊ द्या. करताना वाईट वाटतं, पण पिंकी मेलेली असते आणि कॉर्नवर याइतका लागू पडणारा उपाय मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात बुडवून बघा. बॉल पायथनला कोंबडीच्या पिल्लांचा वास आवडतो, कारण आफ्रिकेतल्या रानात लहान बॉल पायथन पक्ष्यांची पिल्लंही खातात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाची लव मागून आणा, उंदरावर चोळा, आणि हात साबणानं धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती असते. घरातली पाल पकडून घासायला अनेक जण सांगतात. मी ते करत नाही. बाहेरच्या पालीबरोबर जंत घरात येतात आणि सहा ग्रॅमचं पिल्लू जंतांपुढं टिकत नाही.

जिवंत पिंकी? नुकत्या जन्मलेल्या पिंकीला दात नसतात, सापाला इजा होत नाही. बाकी सगळं थकल्यावर एखाद्या पिल्लाला मी ती देते. दात आलेला जिवंत उंदीर मात्र डब्यात सोडून जाऊ नका, तो सापाला कुरतडून मारतो. आणि त्याचा व्हिडिओ काढू नका. त्यात दोन जीव आहेत, तमाशा नाही.

किती दिवस थांबायचं हे वही सांगते, मनातली धास्ती नाही. दर आठवड्याला वजन करा. बॉल पायथनचं वजन जागेवर असेल तर महिना-दीड महिना उपाशी राहिलं तरी मी घाबरत नाही. दहा टक्के घटलं, पाठीचा कणा वर दिसायला लागला, कातडीला घड्या पडल्या, तर थांबणं संपलं. कॉर्न लहान, त्याचा साठा कमी, त्याला चार-पाच आठवड्यांत मदत लागते.

ती मदत अशी. मानेमागं हलकं धरा, पिंकीच्या नाकानंच ओठ हळू उघडा, डोकं आत घाला, जबडा मिटवा आणि पिल्लू खाली ठेवून पुतळ्यासारखे थांबा. बऱ्याचदा पुढचं ते स्वतः गिळतं. थुंकलं तर एकदाच पुन्हा, मग बस. फार अशक्त पिल्लाला उंदराच्या शेपटीचा तुकडा पाण्यात भिजवून, जाड टोक आधी, आत सरकवतात. केस मागं वळलेले राहतात म्हणून तो सहज बाहेर येत नाही. पण हे पहिल्यांदा एकट्यानं करू नका, जबडा काडीसारखा नाजूक असतो. नळीनं पातळ अन्न घालणं तर पशुवैद्याचंच काम. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं जाताना वजनाची वही आणि तापमानाची नोंद घेऊन जा.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. उलटी झालीच तर लगेच दुसरं देऊ नका. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी, मग आधीच्या अर्ध्या आकाराचं. आणि उबेची बाजू तपासा, दोष बहुधा तिथंच असतो.

वासाच्या जोरावर सुरू झालेलं पिल्लू त्या वासाला चिकटतं. तीन-चार वेळा नीट खाल्लं की वास फक्त नाकाला लावा, मग नुसतं पुसून घ्या, मग धुतलेली साधी पिंकी. दर पाच-सात दिवसांनी. आणि पिल्लू दुसऱ्याला द्यायचं असेल, तर ते आपणहून, बिनवासाचं, लागोपाठ पाच वेळा खाईपर्यंत देऊ नका. देताना त्याच्या वजनाच्या पानाची झेरॉक्स आणि परिवेशचे कागद बरोबर द्या.