मक्याचे अडकलेले ५,००० असे सुटले

२०२० च्या लॉकडाऊनात कर्नाटक सरकारनं मकावाल्या शेतकऱ्यांना ५,००० रुपये जाहीर केले, आमच्या खानापूर भागात बऱ्याच जणांचे आले पण बाबांचे काय येईनात. फ्रूट्समध्ये (कर्नाटकाची शेतकरी नोंदणी) नाव होतं, पीक पाहणीत मकाच होता, मग अडलं कुठं? रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याचं तिथलं कार्यालय) विचारलं तर म्हणाले बँकेत बघा. तर पासबुकाला आधार जोडलंय एवढ्यावर जाऊ नका, डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅपिंगमध्ये, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय त्या नोंदीत, जी बँक आहे तिथंच जातो, आणि बाबांचं मॅपिंगच नव्हतं. शाखेत आधार सीडिंगचा, म्हणजे ही नोंद करायचा, फॉर्म दिला (तो कन्नडात, शेजारच्या पोरानं भरला), आधारच्या साइटवर स्टेटस ॲक्टिव्ह दिसलं, मग पैसे पडले. आता पीएम किसानचे २,००० पण त्याच खात्यात येतात.