प्रवेशाची साइट बसली की या चुका टाळा

२१ मे २०२५ रोजी अकरावी प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. केंद्रीय ऑनलाइन प्रवेश तोवर मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, अमरावती आणि नागपूर एवढ्यापुरताच होता. त्या वर्षी तो पहिल्यांदा अख्ख्या राज्याला लागू झाला. दहावीचा निकाल १३ मेला लागला होता, १९ आणि २० मेला सराव नोंदणीही ठेवली होती. तरी ऐन दिवशी पोर्टल चालेना आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. २०२१ सालीही असंच झालं होतं. १६ जुलैला दहावीच्या निकालाची संकेतस्थळं तासन्‌तास ठप्प होती आणि त्यानंतर आठवड्याच्या आत अकरावीच्या सीईटीचं नोंदणीचं संकेतस्थळ बंद पडलं.

साइट बसणं हा मुलांचा दोष नाही. पण ती बसलेली असताना घाबरून जे केलं जातं, त्याचा त्रास पुढे महिनाभर पुरतो. साइट दोन-चार दिवसांत उभी राहते. दोनदा केलेली नोंदणी, चुकीचा प्रवर्ग किंवा घाईत टाकलेला पसंतीक्रम मात्र प्रत्येक फेरीत आडवा येतो.

पहिला नंबर लावायची धडपड

सकाळी अकराच्या ठोक्याला लाखो घरांतून एकाच वेळी लॉगिन होतं, ते बहुतेक एका गैरसमजापोटी. आधी फॉर्म भरला म्हणजे आधी जागा मिळते, असं पालकांना वाटतं. नियमित फेऱ्यांमधली निवड गुणवत्तेवर आणि आरक्षणावर होते, फॉर्म भरल्याच्या वेळेवर नाही. पहिल्या दिवशी अकराला भरलेला अर्ज आणि चौथ्या दिवशी रात्री भरलेला अर्ज यादीत सारखेच. अपवाद आहे तो ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशा फेरीचा. २०२०-२१ मध्ये अशी फेरी शेवटी झाली होती आणि तिथे मिनिटांना किंमत होती. म्हणून वेळापत्रकात आपली फेरी कोणती आहे ते आधी वाचा. नियमित फेरी असेल तर पहिला दिवस सोडून द्या, पण शेवटच्या दिवसावरही ढकलू नका, कारण त्या संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी होते. मधल्या दिवसांत पहाटे किंवा रात्री उशिरा बसलेलं बरं.

गोल फिरतंय म्हणून रिफ्रेश

पान अडकलं की बोट रिफ्रेशवर जातंच. पण तुमची आधीची विनंती सर्व्हरवर अजून रांगेत असते. रिफ्रेश केलं की तिच्या मागे दुसरी लागते, मग तिसरी. लाखो जण हेच करतात, म्हणून डळमळणारी साइट पूर्णच बसते. ‘सबमिट’ किंवा ‘पे’ दाबल्यानंतर रिफ्रेश करणं जास्त धोक्याचं. ब्राउझर माहिती पुन्हा पाठवायची का विचारतो, आपण ‘हो’ म्हणतो आणि एकच गोष्ट दोनदा घडू शकते. बॅकचं बटणही त्यावेळी दाबू नका.

दुसऱ्या टॅबमध्ये किंवा वडिलांच्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करू नका. दुसरं लॉगिन झालं की बरीच पोर्टलं पहिलं बंद करतात आणि अर्धवट भरलेलं पान जातं. पानावर ‘सेव्ह’ असेल तर प्रत्येक टप्प्यावर ते दाबून मगच पुढे सरका. ओटीपी उशिरा येत असेल तर सारखा नवा मागवू नका. साधारणपणे शेवटचा मागवलेलाच चालतो आणि तुम्ही टाकत असता आधीचा.

‘पहिली नोंदणी झालीच नसेल’ असं धरून दुसरी करणं

ही चूक सगळ्यात जास्त महागात पडते. नोंदणी करताना साइट मध्येच तुटते, अर्ज क्रमांक दिसत नाही, म्हणून दुसऱ्या मोबाइल नंबरवरून नवं खातं उघडलं जातं. नंतर कळतं की पहिलंही झालेलं होतं. एका मुलाच्या नावावर दोन अर्ज उभे राहिले की पडताळणीत अडकतात. आधी एसएमएस आणि ईमेल पाहा, लॉगिन करून बघा, ‘पासवर्ड विसरलात?’ वापरून पाहा. तरी कळलं नाही, तर नवं खातं उघडण्याऐवजी मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा.

याला जोडून नेट कॅफेचा मुद्दा. गावाकडे घरी संगणक नसतो, मोबाइलवर पान नीट उघडत नाही, म्हणून कॅफेत जावंच लागतं. त्यात काही गैर नाही. पण गर्दीत लवकर आटपावं म्हणून कॅफेवाला स्वतःचाच नंबर टाकतो आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढच्या प्रत्येक फेरीचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि प्रवेश घ्यायची मुदत असताना दुकान बंद असतं. नंबर घरचाच द्या. पासवर्ड आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर आपल्या वहीत लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

पसंतीक्रम स्क्रीनवर ठरवणं

साइट पाच मिनिटं चालते आणि पुन्हा बसते, तेव्हा मिळालेल्या पाच मिनिटांत जे समोर दिसेल ते निवडलं जातं. एकाच महाविद्यालयाच्या एकाच शाखेच्या नोंदी अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित अशा वेगवेगळ्या असतात. नाव एकच, शुल्कात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. घाईत चुकीची ओळ निवडली तर प्रवेश मिळूनही तो परवडत नाही. आणि २०२५ च्या नियमांत पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं की तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या ओळीत काय जातंय, हे घरी, सगळ्यांनी मिळून, कागदावर ठरलेलं हवं. जास्तीत जास्त दहा पसंती देता येत होत्या. त्या प्रत्येकीपुढे शाखा, माध्यम, अनुदानाचा प्रकार, मागच्या वर्षीचा कट-ऑफ आणि घरापासून जायला लागणारा वेळ लिहा. कागद तयार असेल तर ती पाच मिनिटं पुरतात.

वैयक्तिक माहिती आणि प्रवर्ग असलेला भाग लॉक करण्याआधी दाखला समोर ठेवून वाचा. लॉक झालेलं बदलायचं तर आधी ते अनलॉक व्हावं लागतं आणि गर्दीच्या दिवसांत त्याला वेळ जातो.

पैसे कापले, पावती नाही

लगेच पुन्हा पैसे भरू नका. यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम यांचा स्क्रीनशॉट घ्या, थोडा वेळ थांबून पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे, म्हणजे इथे पोर्टलकडे, ती मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. मात्र मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर पुरावा जपून दुसऱ्या मार्गाने पुन्हा भरा. नोंदणी शुल्काचे शंभर रुपये नंतर मागता येतात, हुकलेली फेरी परत येत नाही.

पुराव्याचं महत्त्व सांगायला एक प्रकरण पुरेसं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचं शुल्क तांत्रिक अडचणीमुळे भरलंच गेलं नाही. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, फोन केले, ईमेल पाठवले, बहिणीकडून पैसे घेतले, शेवटी त्या वर्षीचं जागावाटप पाहणाऱ्या आयआयटी खरगपूरला स्वतः गेला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. पण शंभर रुपयांच्या फॉर्मसाठी दिल्लीपर्यंत कोण जाणार? म्हणून तक्रार त्याच दिवशी, लेखी, आणि जवळच्याच कार्यालयात झाली पाहिजे.

चालवणाऱ्यांनी टाळायच्या चुका

सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. राज्यभरातल्या मुलांना एकाच दिवशी एकाच तासाला दार उघडायचं, हा निर्णयच गर्दी ओढवून घेतो. विभागवार दिवस वाटून देता येतात. सूचना, वेळापत्रक आणि महाविद्यालयांची यादी लॉगिनच्या सर्व्हरवरून हलवून वेगळी ठेवता येते, म्हणजे नुसतं वाचायला आलेले लोक फॉर्म भरणाऱ्यांच्या वाटेत येत नाहीत. आणि साइट बंद असेल तेव्हा ती किती वाजता सुरू होईल, मुदत वाढणार का, हे मुख्य पानावर स्पष्ट लिहायला हवं. तिथे काहीच नसलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा बनावट पीडीएफ खरा ठरतो आणि मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवर पालक पैसे भरून बसतात. पत्ता नेहमी शाळेने दिलेल्या माहितीपुस्तिकेतूनच टाइप करा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साइट बंद असेल तर

घरी बसून वाट पाहू नका. स्क्रीनवरचा त्रुटीचा संदेश तारीख-वेळ दिसेल असा टिपून त्याची प्रत काढा. अर्ज क्रमांक, काय करायचं होतं, किती वाजता प्रयत्न केला हे एका साध्या पत्रात लिहा. जागा मिळालेली असेल तर कागदपत्रं घेऊन कार्यालय बंद व्हायच्या आत त्या महाविद्यालयात जा. नोंदणीच अडली असेल तर मार्गदर्शन केंद्रात किंवा विभागीय शिक्षण उपसंचालकांच्या कार्यालयात जा. पत्राच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.