एचआयव्हीच्या सेवेत सिद्दी रुग्णांशी भेदभाव होऊ नये म्हणून

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या वाड्यांत आणि पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाज पिढ्यानपिढ्या राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज इथलेच असूनही त्यांचा वर्ण आणि कुरळे केस पाहून त्यांना आजही ‘कुठल्या देशाचे?’ असे विचारले जाते. एचआयव्हीची चाचणी करताना हाच परकेपणा संशयाचे रूप घेतो, आणि संशयाने पाहिलेला माणूस पुन्हा केंद्रात येत नाही.

म्हणून आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांनी सुरुवात आपल्या समजुतीपासून करावी. हा विषाणू मध्य आफ्रिकेत चिंपांझींकडून माणसात आला, हे खरे आहे. पण तो पसरतो असुरक्षित संबंध, दूषित रक्त वा सुई आणि आईकडून बाळाला. वर्णाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. समुपदेशकाने सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि जोडीदारांविषयी चेहऱ्यावरून अंदाज बांधू नये.

केवळ सिद्दी वाडीत एचआयव्ही शिबिर भरवू नये, कारण त्यामुळे संपूर्ण वाडीवर शिक्का बसतो. आसपासच्या गावांसह रक्तदाब, साखर आणि क्षयरोगाच्या तपासणीबरोबर ही चाचणीही ठेवावी. संमती मात्र प्रत्येकाची, समजावून सांगून, स्वतंत्रपणे घ्यावी.

सर्वांत अवघड बाब गोपनीयतेची आहे. लहान वाडीत कोणाच्या दारी कोण आले हे तासाभरात सगळ्यांना कळते, म्हणून फलक लावलेली गाडी घेऊन घरी जाऊ नये, निरोप शेजाऱ्यामार्फत धाडू नये आणि दुभाषी म्हणून नातेवाइकाला बसवू नये. भेट कुठे घ्यायची, हे रुग्णालाच ठरवू द्यावे. सिद्दी तरुण-तरुणींना या कामात मानधनावर घ्यावे. पण आपल्याच वाडीतील कार्यकर्ता नको असे रुग्ण म्हणाला, तर तेही मान्य करावे.

एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी एआरटी औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तरीही एखाद्याची तारीख चुकली, तर ‘हे लोक असेच’ असा शेरा न मारता बसची वेळ आणि बुडणारी मजुरी विचारावी, आणि शक्य असल्यास एकाच वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्या देण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

तक्रारीचे दोन मार्ग रुग्णाला आधीच सांगून ठेवावेत. एचआयव्हीमुळे उपचार नाकारले किंवा माहिती फोडली, तर 2017 चा एचआयव्ही कायदा लागू होतो. सिद्दी समाजाला उत्तर कन्नड जिल्ह्यात 2003 पासून, तर बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत 2020 च्या दुरुस्तीने अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आहे. त्यामुळे चारचौघांत हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाविरुद्ध 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत दाद मागता येते. तक्रार लिहिताना घडलेला प्रसंग, तारीख आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, आणि रुग्णाच्या लेखी परवानगीवाचून त्याची एचआयव्ही स्थिती त्यात लिहू नये.