यूट्यूबला पर्याय शोधताना: व्हिडिओ ठेवायचे कुठे?

नवीन खातं उघडण्याआधी आपले मूळ व्हिडिओ ताब्यात घ्या. गूगल टेकआउट या गूगलच्याच डेटा उतरवण्याच्या सोयीतून यूट्यूबवरचे आपले व्हिडिओ उतरवता येतात, पण एडिटिंगनंतर निघालेली मूळ फाइल असेल तर तीच जपा. तिचा दर्जा सरस असतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी ठेवा. वर्णन, सबटायटल, थंबनेलही सोबत. काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. व्हिडिओ साइटही बंद पडतात: ब्लिप २०१५ मध्ये बंद पडली, व्हिडमी २०१७ मध्ये.

मग जागा कशासाठी हवी ते ठरवा. नवे प्रेक्षक हवे असतील तर डेलीमोशन, रंबल, ओडिसी पाहा. तिथे आपल्या व्हिडिओशेजारी काय दिसतं, हेही तपासा. आपल्या वेबसाइटवर जाहिरातीविना व्हिडिओ दाखवायचा तर व्हिमिओ सोयीचं, मात्र नियमित वापराला पैसे पडतात. नुसतं जतन करायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय.

मला सगळ्यात आश्वासक वाटतं ते पीअरट्यूब, म्हणजे स्वतःची व्हिडिओ साइट चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेनं ते उभं केलं. पहिली पक्की आवृत्ती २०१८ मध्ये आली. इथे एका कंपनीची मालकी नसते. वेगवेगळे लोक आपापले सर्व्हर चालवतात आणि ते एकमेकांशी जोडता येतात. मास्टोडॉन या सोशल नेटवर्कवरूनही तुमचं चॅनेल फॉलो करता येतं. सेपिया सर्च या पीअरट्यूबच्या शोधयंत्रावर आपल्या विषयाचे व्हिडिओ शोधा, ते कोणत्या सर्व्हरवर आहेत ते बघा आणि त्या सर्व्हरची माहिती नीट वाचा: नियम काय, प्रत्येकाला जागा किती, खर्च कोण उचलतं. खर्चाबद्दल अवाक्षर नसेल तर पुढचा सर्व्हर बघा.

स्वतःचा सर्व्हर टाकायचा विचार असेल तर आधी हिशेब मांडा. ५ एमबीपीएसचा (सेकंदाला ५ मेगाबिट) १० मिनिटांचा व्हिडिओ साधारण ३७५ एमबी होतो. हजार जणांनी तो पूर्ण पाहिला की ३७५ जीबी डेटा गेला. पीअरट्यूबमध्ये एकाच वेळी बघणाऱ्यांचे ब्राउझर एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवू शकतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी भार थोडा हलका होतो. पण एकेकटे येणारे प्रेक्षक धरूनच बजेट करा.

निवड झाली की एकच जुना व्हिडिओ चढवा. मोबाइलवर, कमकुवत नेटवर तो चालवून बघा. सबटायटल जुळतात का, वेबसाइटवर नीट बसतो का, फाइल परत उतरवता येते का, हे तपासा. जमलं तर बाकीचे हळूहळू हलवा. जुनं चॅनेल लगेच बंद करू नका. तिथल्या प्रत्येक वर्णनात पहिल्याच ओळीत आपल्या वेबसाइटची लिंक टाका. पुढे पुन्हा जागा बदलली तरी तीच लिंक चालेल.