ट्रेलसाठी ॲपालूसा घेताय? या चुका टाळा

वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांच्या सीमेवर पलूस नदीचं खोरं आहे (सांगलीचं पलूस नव्हे). त्या मुलखात नेझ पर्स जमातीने जोपासलेल्या ठिपकेवाल्या घोड्यांना पुढे ॲपालूसा हे नाव मिळालं. 1877 साली अमेरिकन सैन्य मागे लागलं तेव्हा ही माणसं बायकामुलांसकट सुमारे 1,900 किलोमीटर डोंगरदऱ्या ओलांडत गेली आणि कॅनडाची सीमा हाकेच्या अंतरावर असताना माँटानात अडवली गेली. त्याच वाटेवरून, त्यांच्या सरदाराच्या नावाने, 1965 पासून दरवर्षी 100 मैलांचा पुढचा टप्पा गाठणारी चीफ जोसेफ ट्रेल राइड (रानवाटेवरची घोडेस्वारी) निघते. तिच्यात फक्त नोंदणीकृत ॲपालूसाच चालतात आणि अख्खी वाट पुरी व्हायला 13 वर्षं लागतात.

हा इतिहास विकणाऱ्यालाही पाठ असतो. “जातच ट्रेलची आहे हो,” असं तो म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण पैसे आपण जातीचे मोजत नसतो, समोर उभ्या असलेल्या एका घोड्याचे मोजत असतो. इकडे अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी हौसेने पहिला घोडा घ्यायला निघतात आणि नेमकी इथेच फसतात.

पहिली चूक: ठिपके बघून भाव ठरवणं

सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे आणि पंचकल्याण बघून घोडा पारखणारे आपण. रंगाची भूल आपल्याला नवी नाही. ॲपालूसात तर रंगाची चंगळ असते: अंगभर ठिपके असलेला लेपर्ड, कमरेवर पांढरी झूल टाकल्यासारखा ब्लँकेट, वयानुसार पांढुरका होत जाणारा व्हार्निश रोन. गडद ब्लँकेट म्हणून घेतलेला तरणा घोडा दहा वर्षांनी ओळखू येणार नाही इतका बदललेला असू शकतो. फोटोसाठी जास्तीचे डॉलर मोजण्यात अर्थ नाही, तो यासाठीही.

खुरांवरच्या उभ्या पट्ट्यांचंही तेच. “पट्टेवाला खूर दगडासारखा असतो” हे सर्रास ऐकायला मिळतं. पट्टे ही या जातीची खूण आहे, मजबुतीची हमी नव्हे. खूर पारखायचा तो नालबंदाने, हातात घेऊन.

दुसरी चूक: डोळ्यांची तपासणी वरवर उरकणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

ॲपालूसाच्या डोळ्यांच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक आहे जन्मजात रातांधळेपणा. ठिपक्यांचं जे एलपी जनुक आहे, त्याच्या दोन प्रती ज्या घोड्यात येतात त्याला अंधारात दिसत नाही. तो दोष जन्मापासून असतो, वाढत नाही आणि त्यावर उपचारही नाही. दिवसा असा घोडा सहसा नीट वावरतो. गंमत अशी की अंगावर जेमतेम चारदोन ठिपके असलेला जवळजवळ पांढरा ‘फ्यू-स्पॉट’ किंवा बिनठिपक्यांच्या पांढऱ्या कमरेचा ‘स्नोकॅप’ बघून लोकांना वाटतं, हा कमी ॲपालूसा. खरं तर उलटं आहे. दोन प्रती बहुधा याच घोड्यांत असतात, आणि भरगच्च ठिपक्यांच्या लेपर्डमध्ये बहुतेक वेळा एकच. शंका असेल तर आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस यूसी डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या पशु-जनुकीय प्रयोगशाळेत पाठवता येतात. एलपीच्या प्रती किती, ते तिथून कळतं.

तुम्ही फक्त सकाळी दहा ते चार रपेट करणार असाल तर रातांधळा घोडा बाद करायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र जंगलातून परतताना अंधार पडला की काय होईल, याचा विचार आधीच करा. घोडा वाहून नेणाऱ्या काळोख्या ट्रेलरमध्ये चढायला तो कुरकुरेल, तेही गृहीत धरा.

दुसरी तक्रार युव्हाइटिसची, म्हणजे डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा येणारी सूज. जुने लोक याला मून ब्लाइंडनेस म्हणत, त्यामुळेच रातांधळेपणाशी घोळ होतो. हा आजार वाढत जातो आणि दृष्टी घेऊन जातो. इतर जातींच्या मानाने ॲपालूसात याचं प्रमाण सुमारे आठपट सांगितलं जातं. आणि या जातीत तो पुष्कळदा गुपचूप येतो. डोळा लाल नाही, पाणी नाही, मिचकावणं नाही. मालकाला खरोखरच पत्ता नसतो, त्यामुळे “डोळे एकदम छान” असं तो प्रामाणिकपणे सांगतो.

व्हेट (जनावरांचा डॉक्टर) येण्याआधी तुम्ही स्वतः एवढं बघू शकता. घोड्याला अंधाऱ्या ठाणात उभं करा आणि समोरून दोन्ही डोळे ताडून बघा. दोन्ही बाहुल्या सारख्या मोठ्या आहेत का? कडा गुळगुळीत आहेत की कुठे खेचल्यासारख्या दिसतात? एका डोळ्याच्या पापणीचे केस दुसऱ्यापेक्षा खाली झुकलेत का? झुकलेले असतील तर तो डोळा दुखतो आहे असं समजा. बुबुळ निळसर किंवा दुधाळ वाटलं तर पुढची बोलणी व्हेटच्या अहवालानंतर. मग एकेका डोळ्यासमोर हात आणून पापणी मिटते का ते बघा. बोटं फाकलेली ठेवा आणि हात हळू न्या. बंद पंजा फटकन नेला तर वारा लागून आंधळा घोडाही पापणी मिटतो, आणि तुम्ही खूश होऊन घरी येता.

यानंतरही व्हेटला बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून आतली बाजू बघायला सांगा. साध्या तपासणीत हे धरलेलं नसतं. वेगळं मागावं लागतं, पैसेही वेगळे पडतात. ते द्या.

जाता जाता: डोळ्याभोवती पांढरी कड दिसली म्हणून “घाबरट दिसतो, डोळे वटारतो” असा शिक्का मारू नका. माणसासारखा दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग हे या जातीचं लक्षणच आहे. स्वभाव कानांवरून आणि नाकपुड्यांवरून वाचा. डोळ्याभोवतीची कातडी गुलाबी असेल तर मात्र बारकाईने बघा. तिथे ऊन भाजतं आणि कर्करोगाच्या गाठीही होतात.

तिसरी चूक: तयार घोड्यावर बसून बघणं

तुम्ही पोचता तेव्हा घोडा खोगीर चढवून तयार असेल, मान घामाने ओलसर असेल, तर समजून घ्या की अर्धा तास गोल पळवून त्याची मस्ती आधीच उतरवलेली आहे. आदल्या दिवशी फोनवरच सांगा, घोडा कुरणात मोकळा ठेवा. तो पकडायला किती वेळ लागतो, तंग आवळताना चावायला येतो का, रिकिबीत पाय टाकताच चालू पडतो का, हे डोळ्यांनी बघा.

मग एकट्यालाच तबेल्यापासून दूर न्या. ट्रेलच्या घोड्याची खरी परीक्षा इथे होते. सोबत्यांशिवाय दोनशे पावलांवर जो अडून बसतो किंवा हिसका देऊन मागे वळतो, तो कळपात कितीही गुणी असला तरी नवशिक्याने घेऊ नये. परतताना तबेला दिसला की पावलं वाढतात का तेही बघा. ओढा, लाकडी पूल, मागून येणारी सायकल, उतार. सगळं मिळालं नाही तरी पाणी आणि उतार सोडू नका. बिचकणं गुन्हा नाही. बिचकून थांबतो, बघतो आणि पुढे जातो, तो घोडा चांगला.

कागद, रक्त आणि वजन

जाहिरातीत ‘ॲपालूसा’ लिहिलेला प्रत्येक ठिपकेवाला घोडा ॲपालूसा नसतो. आयडाहोतल्या मॉस्को गावच्या ॲपालूसा हॉर्स क्लबचे कागद मागा. क्वार्टर हॉर्स या दुसऱ्या अमेरिकन जातीचा संकर या नोंदणीत चालतो, त्यामुळे वंशावळीत इंप्रेसिव्ह हा प्रसिद्ध घोडा आला तर एचवायपीपी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराची चाचणी करून घ्या. व्हेट आपला आणा, विकणाऱ्याच्या नेहमीच्या व्हेटवर विसंबू नका. त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही घ्यायला लावा. फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं की लंगडणं झाकलं जातं आणि गुंगीच्या औषधाने खट्याळपणा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत. 450 किलोच्या घोड्यावर 90 किलो. वेस्टर्न खोगीरच 15 किलोच्या आसपास जातं, हे विसरून चालत नाही.

घरी आणल्यावर बिनसलं तर

नव्या जागी पहिले काही आठवडे घोडा बुजरा असतो, त्यावरून निकाल लावू नका. उतारावर अडखळत असेल तर आधी खुरांचा पुढचा भाग वाढलाय का आणि खोगीर पुढे सरकतंय का ते बघा. ठेचा फक्त झाडांच्या दाट सावलीत शिरताना लागत असतील, नेहमी एकाच बाजूने दचकत असेल किंवा दिवस मावळताच चाल बदलत असेल, तर शिस्त लावण्याच्या भानगडीत न पडता डोळ्यांच्या व्हेटला बोलवा. “ॲपालूसा हट्टीच असतात” म्हणून टाच मारणारे लोक पुष्कळदा न दिसणाऱ्या घोड्याला शिक्षा करत असतात.

एका डोळ्याने गेलेला पण वयाने पोक्त, शांत ॲपालूसा स्वस्तात मिळत असेल तर? लगेच नाही म्हणू नका. एका डोळ्यावर ट्रेल करणारे घोडे आहेत. फक्त तो डोळा कशाने गेला ते विचारा. काटा लागून गेला असेल तर सौदा करा. युव्हाइटिसने गेला असेल तर दुसरा डोळाही जाण्याचा धोका मोठा आहे, तेव्हा व्हेटने दुसऱ्या डोळ्याबद्दल लेखी मत दिल्याशिवाय हातावर हात मारू नका.